बोगद्याजवळची खुर्ची

९ जानेवारी

टिल्लू, राजा,

तब्येत कशी आहे, वेळेवर जेवतोस का, उंचावर चढताना कमरेला पट्टा बांधतोस का, हे सगळं मागाहून विचारते. आधी बातमी. या खेपेला नंबर माझा!

परवा फुटबॉल क्लबच्या कपड्यांच्या खोलीत सगळे जमले होते. मी मुलींच्या संघाच्या जर्सींना इस्त्री करत होते. शिट्टीमास्तर म्हणाले, “स्पर्धा तोंडावर आली. यंदा जाणार कोण?” आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “काय झालं? जर्सी जळाली का?” तर बेकरीकाका म्हणतात, “आत्या, तीनदा तुझा नंबर आला नि तीनदा तू तो वाटून टाकलास. आता पुन्हा दानशूरपणा केलास तर इस्त्री जप्त करू.”

वाटून टाकला हे खरंय. एकदा मास्तरांना दिला. त्यांची बायको गेली होती आणि माणूस नुसता भिंतीकडे बघत बसायचा. एकदा बेकरीकाकांना दिला, कारण त्यांनी तोंड इतकं पाडलं की त्यांचे पाव फुगेनात. आणि एकदा तुझ्या बाबाला. त्या वेळी देताना जरा जिवावर आलं होतं, पण बरं झालं दिला. पुढच्या स्पर्धेला माझा भाऊ होता कुठे.

तुझ्या मुकादमाला आपली रीत खरी वाटत नाही असं लिहिलंस. त्याला हे वाचून दाखव. आम्ही गल्लीतली माणसं, एकेकट्याला परवडत नाही म्हणून चार वर्षं बिस्किटांच्या डब्यात चिल्लर टाकतो. स्पर्धा आली की त्या पैशात एकजण जातो, सगळ्यांच्या वतीने एक सामना बघतो, आणि परत आला की जर्सींच्या पेटीवर बसून अथपासून इतिपर्यंत सांगतो. याला आम्ही ‘सांगणं’ म्हणतो. खोटं चालत नाही. गोल सांगितला की सगळे विचारणार, “कुठल्या पायाने?” अडखळला की समजायचं, पठ्ठ्या तेव्हा दुसरीकडे होता. बेकरीकाका असेच सापडले. गोल झाला तेव्हा हे चहाच्या रांगेत! सगळं पटलं तर मास्तर सामना संपल्याची लांब शिट्टी मारतात. ती वाजली की तुझा नंबर सत्कारणी लागला. बेकरीकाकांना ती दुसऱ्या दिवशी मिळाली, तीही पावांची लाच देऊन.

आता नशीब बघ, नेमकी यंदा स्पर्धा तुझ्या शहरात आणि तू त्याच स्टेडियममध्ये खुर्च्या बसवतोस. राहायला तुझी खोली आहेच. तिकीट तेवढं काढून ठेव. आणि फोन करू नकोस. फोनवर मला सुचत नाही, आणि तू खांबावर चढलेला असताना फोन उचलतोस हे मला मुलींच्या संघातल्या झिपरीने सांगितलंय.

तुझी,
आतापासूनच झोप उडालेली आत्या


२४ जानेवारी

आत्या,

सगळ्यात वरच्या रांगेतून नमस्कार. पट्टा बांधतो. झिपरीला सांग, चुगल्या करण्यापेक्षा डाव्या बगलेतून क्रॉस मारायला शीक.

आमचं काम असं: चार भोकं, चार बोल्ट, आणि मग त्या खुर्चीवर दणकन बसून बघायचं. कुरकुरली की परत खोल. मुकादम म्हणतो, या स्टेडियममध्ये सगळ्यात जास्त खुर्च्यांवर बसलेला माणूस मीच असेन, आणि एकदाही सामना बघितलेला नाही.

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. मिशीतल्या मिशीत हसला. आता कुणी काही सांगायला गेलं की हा विचारतो, “कुठल्या पायाने?” काल एकजण सांगत होता, जिन्यावरून घसरलो. तिथे मात्र प्रश्न बरोबर बसला.

तिकिटाचं मी बघतो. फक्त एक गोष्ट कानावर घालतो. पूर्वी खिडकीवर भावाची पाटी असायची आणि स्पर्धा संपेपर्यंत तीच राहायची. आता विक्री फोनवर, आणि भाव भाजीबाजारासारखा. गर्दी दिसली की चढतो. सकाळी एक, दुपारी दुसराच. म्हणून आकडा लिहीत नाही, पत्र पोचेपर्यंत तो शिळा होईल. तू काळजी करू नकोस. डबा उघडलात की कळव, आणि मास्तरांनी तोवर गल्लीभर दवंडी पिटू नये असं बघ.

तुझा टिल्लू


६ फेब्रुवारी

टिल्लू,

दवंडी कधीच पिटून झाली. मास्तरांचं तोंड धरायला मला दहा हात लागतील.

डबा उघडला. काय सांगू तुला! टेबलावर ओतला तर नाणी घरंगळत इस्त्रीखाली गेली. एक कोटाचं बटणही निघालं. कुणी टाकलं ते कुणी कबूल करेना. बाबाच्या वेळेपेक्षा डबा जास्त भरलेला होता. मास्तर म्हणाले, “ताई, एवढ्यात तुम्ही एखाद्या राजाच्या मांडीवर बसून बघाल.”

भाव चढतो असं लिहिलंस. चढतो म्हणजे उतरतही असणार, नाही का? शिडी काय एकाच बाजूची असते? तो उतरलेला नेमका धरायचा म्हणजे सारखं बघत बसायला हवं. तू बिचारा हातात पाना घेऊन कुठे बघत बसणार! म्हणून आम्ही सगळ्यांनी हात लावला. डोकं झिपरीचं. औषधांच्या दुकानातून सुटली की ती बेकरीत येते, आणि सगळी गल्ली आपापला फोन घेऊन बाकांवर बसते. मुलामुलींचे दोन्ही संघ, त्यांच्या आया, चपला शिवणारा, शिवणक्लासच्या मुली. विक्री उघडली की प्रत्येकाने एकेक तिकीट फोनमधल्या टोपलीत टाकायचं आणि धरून ठेवायचं. बसमध्ये आपण रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं. थोड्या वेळाने ते सुटतं, मग पुन्हा धरायचं. पैसे कुणी भरत नाही, आधी सगळ्यांत स्वस्त कुणाला सापडतंय ते बघायचं. बेकरीकाका तर चष्मा लावून दोन-दोन फोनवर रुमाल टाकतात.

मला इतकं भरून आलं रे. एका म्हातारीला खुर्ची मिळावी म्हणून अख्खी गल्ली पीठ लागलेल्या बोटांनी धडपडतेय. तुला वाटत असेल तू तिकडे एकटा आहेस. नाहीस.

मी निळा कोट काढलाय. अस्तर उसवलं होतं ते शिवलं. बटण एक कमी होतं. डब्यातलं तेच निघालं. म्हणजे ते मीच टाकलं होतं, कुणाला सांगू नकोस.

तुझी आत्या


१५ फेब्रुवारी

आत्या,

म्हणजे ते तुम्ही होतात!

हसू की रडू कळत नाही. मागचा सगळा आठवडा मी सगळ्यांत वरच्या कोपऱ्यातल्या स्वस्त जागांवर डोळा ठेवून होतो. रोज संध्याकाळी बेकरी बंद व्हायच्या सुमारास त्यांचा भाव उसळी घ्यायचा. इथे आम्ही डोकं खाजवतोय की या वेळी अचानक कोण तुटून पडतंय. मुकादम म्हणाला, कुठल्या तरी मोठ्या देशातली मंडळी ऑफिसातून सुटत असणार.

आत्या, टोपलीत टाकलेलं प्रत्येक तिकीट त्या यंत्राला गिऱ्हाईक वाटतं. जितके रुमाल, तितकी मागणी. जितकी मागणी, तितका भाव. सगळं तुमच्यामुळेच झालं असं नाही, जगभरातून लोक बघतायत. पण तुम्हीही त्या शिडीला खालून धक्का दिलात. झिपरीला सांग, कृपा कर आणि फोन खाली ठेव.

आता खरं लिहितो. मी आधीच लिहायला हवं होतं, पण पेन पुढे जाईना. तुमचे रुमाल नसते तरी जमलं नसतं. बाबा सामन्याला गेला तेव्हा डब्यातल्या पैशात तिकीट आलं, जाणं-येणं झालं, आणि माझ्यासाठी टोपी आणायलाही उरले. आता त्याच डब्यात खुर्चीची पाठ येईल, बैठक येणार नाही. माझा पगार त्यात घातला तरी एक पाय कमीच. आणि ही वरच्या कोपऱ्यातली गोष्ट, जिथून खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात. खाली, जिथे मी या आठवड्यात बोल्ट आवळतोय, तिथल्या भावाबद्दल तर आम्ही आपापसात बोलतही नाही. उगाच हातातला पाना गळायचा.

मी अजून प्रयत्न सोडलेला नाही. पण तुला आशेवर ठेवणं बरं वाटेना. रागावू नकोस.

टिल्लू


२७ फेब्रुवारी

टिल्लू,

रागावू कशाला? तू काय भाव लावलास?

तुझं पत्र मी खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. सुरुवातीचं. पुढचं माझ्यापुरतं ठेवलं. बेकरीकाकांनी दोन्ही फोन पिठाच्या डब्यावर पालथे घातले आणि म्हणाले, “आयुष्यात पहिल्यांदा बाजार चढवला, तोही आपल्याच माणसावर.” मास्तरांनी झिपरीला पिवळं कार्ड दाखवलं. ती म्हणाली, “मग काकांना दोन दाखवा, त्यांचे फोन दोन होते.” हसून हसून पुरेवाट झाली.

मग मी सांगून टाकलं, मी जात नाही. खरं सांगू का, मला गर्दी सोसत नाही. गुडघे हल्ली हवा बदलली तरी बोलतात. आणि घरच्या टीव्हीवर गोल चार-चारदा दाखवतात, तिथे एकदाच. डब्यातून मुलींना बूट घेऊ. झिपरीचा अंगठा बाहेर आलाय, बघवत नाही. तेव्हा तू तिकिटाचा नाद सोड आणि आपल्या कामाकडे लक्ष दे. खुर्च्या घट्ट बसव. जे कुणी एवढा भाव देऊन येतील त्यांची पाठ दुखू नये.

आत्या

टिल्लूदादा, मी झिपरी. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून खाली लिहितेय. पाकीट मी उघडलं नाही, उघडंच होतं. आत्यांनी कोट परत ट्रंकेत ठेवला, आणि ठेवण्याआधी बराच वेळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गर्दी सोसत नाही म्हणे! आमच्या सामन्याला सगळ्यांत पुढे यांचीच आरोळी असते. आणि बूट आम्ही घेणार नाही, सगळ्या मुलींनी ठरवलंय. तू काहीतरी कर. क्रॉस मी उत्तम मारते.


२० मे

आत्या,

कोट ट्रंकेतून काढ. जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी मी तुला स्टँडवर घ्यायला येतो. तुझी खुर्ची पक्की आहे. आत्ता काही विचारू नकोस. डबा आणू नकोस, गल्लीतच राहू दे.

टिल्लू


२६ मे

टिल्लू,

तुझ्या चार ओळींनी इथे काय गोंधळ घातलाय याची तुला कल्पना नाही. पत्र पूर्ण वाचून व्हायच्या आत मास्तरांनी शिट्टी फुंकली. झिपरी कॅलेंडर घेऊन आली आणि म्हणते, “पण आत्या, स्पर्धा तर त्यानंतर दहा-बारा दिवसांनी सुरू होते.” मास्तरांनी तिला गप्प केलं. “पोरगा आत्याला आधी बोलावतोय, चार दिवस शहर दाखवेल, मग सामना. एवढं कळत नाही?” मला पटलं. म्हणून पंधरा दिवसांचे कपडे घेतेय.

डबा आणू नको म्हणतोस, मग पैसे कुठून उभे केलेस? मोटरसायकल विकली असशील तर आधीच सांगते, मी फाटकातूनच परत फिरेन.

बेकरीकाका पाव बांधून देतायत, तुझ्यासाठी आणि मुकादमासाठी. चपला शिवणाऱ्याने माझ्या बुटांना नवे तळवे लावले आणि पैसे घेईना. म्हणतो, “सांगणं नीट सांग म्हणजे झालं.” सगळ्यांचे डोळे घेऊन निघालेय रे बाबा.

आत्या


११ जून

आत्या,

तू सुखरूप पोचलीस हे झिपरीने कळवलं. तुझं पत्र आलं नाही. म्हणून मीच लिहितोय.

त्या संध्याकाळी स्टँडवर तू एक शब्द बोलली नाहीस. खिडकीतून नुसता माझ्या गालावर हात ठेवलास आणि बस निघाली. पंधरा दिवसांची पिशवी जशीच्या तशी परत घेऊन. तेव्हापासून घास उतरत नाही.

मी तिकीट काढलंय असं म्हटलं नव्हतं. पण नाही काढलेलं असंही म्हटलं नाही, आणि तू काय समजणार हे मला ठाऊक होतं. खरं लिहिलं असतं तर तू आली नसतीस; “उगाच कशाला खर्च” म्हणून कोट परत ट्रंकेत गेला असता. मोटरसायकल शाबूत आहे, तू पाहिलीसच.

झालं असं होतं. स्टेडियम उघडण्याआधी एकदा माणसांनी भरून बघावं लागतं. बसवून, उठवून, नाचवून. जिने, दिवे, खुर्च्या, सगळं पेलतं का ते तपासायला. बाहेरचे लोक बोलावत नाहीत, कामगारांनी आपापल्या घरची माणसं आणायची, आणि मैदानावर कामगारांचेच दोन संघ खेळवायचे. मुकादम माझ्याकडे आला आणि म्हणाला, “तुझ्या त्या पेटीवाल्या आत्याला बोलाव. कुठे बसवायचं ते तू ठरव, खुर्च्या तुझ्याच आहेत.” मी बोगद्याजवळची ठरवली. जिथून खेळाडू बाहेर येतात, त्या कठड्याला लागून पहिलीच. स्पर्धेत त्या खुर्चीचा भाव काय आहे ते तुला कधीच सांगणार नाही.

पण परत आल्यावर वाटायला लागलं, मी केलं काय? तीनदा दिलेला नंबर तुला एकदाचा मिळाला होता, आणि मी तो कामगारांच्या कवायतीवर खर्च करून टाकला. आता पेटीवर बसून तू काय सांगणार? माळ्यांचा आणि वायरमनचा सामना? मास्तर त्यावर शिट्टी वाजवतील?

काहीतरी लिही. शिव्या दे, पण लिही.

टिल्लू


१७ जून

अरे वेड्या,

माझा आवाज बसला होता! एवढंच. ओरडून ओरडून घसा असा गेला की स्टँडवर ‘येते’ म्हणायला गेले तर नुसती हवा आली. म्हणून हात ठेवला. घरी आल्यावर मिठाच्या गुळण्या करत होते, आणि लिहायचं राहिलं कारण मुलींच्या उपान्त्य सामन्याचे चिखलाचे कपडे डोंगराएवढे साचले होते. आणि तू तिकडे उपाशी! आधी जेव, मग पुढे वाच.

तिकीट नाही हे मला फाटकापाशीच कळलं. लहानपणी कुणाची काच फोडून यायचास, तोच चेहरा होता तुझा. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. नवे तळवे लावलेले बूट आठवले. गल्लीत जाऊन काय तोंड दाखवू, असं झालं. पण तेवढ्यात तू मला त्या खुर्चीवर बसवलंस आणि म्हणालास, “दणकन बस आत्या, कुरकुरत नाही.” आणि पुढे ते हिरवं. टिल्लू, टीव्हीत ते गवत दिसतं. त्याला वास असतो हे कुठे दिसतं?

आता सांगणं कसं झालं ते ऐक. सगळे जमले. मी पेटीवर बसले आणि पहिलंच वाक्य बोलले, “मंडळी, हा स्पर्धेचा सामना नव्हता.” मग मी सगळं सांगितलं. भोंग्यावरून ती बाई बोलायची, “सर्वांनी उठावे, सर्वांनी उड्या माराव्यात,” आणि मी गुडघ्यांना न विचारता मारल्या. बोगद्यातून एकीकडून माळी आले, दुसरीकडून वायरमन. तुझा मुकादम पंच, त्याची अर्धी चड्डी बघून बायका कशा खुसखुसल्या. तो दाढीवाला माळी, ज्याला गवताला पाणी मारता मारता ओढून आणलं होतं, तो गमबुटांतच धावत होता. आणि मग वरचा एक दिवा लुकलुकला. वायरमनचा गोलकीपर! सवयच ती. तो चेंडू सोडून वर दिव्याकडे बघायला लागला, आणि तेवढ्यात माळ्याने हाणला.

“कुठल्या पायाने?” सगळी खोली ओरडली.

“डाव्या,” मी म्हटलं. “आणि गमबूटही सोबत गेला. चेंडू आणि गमबूट दोन्ही जाळ्यात. आधी कुठला गेला यावरून पंचाला घेराव पडला.”

बेकरीकाका हसता हसता बाकावरून खाली आले. पण झिपरीचं म्हणणं, असं कधी होईल का! बूट उडाला म्हणजे माझ्या डोळ्यांना धुकं आलं असणार. चपला शिवणारा मात्र गंभीरपणे म्हणाला, “एक नंबर मोठा घातला असेल तर उडतो.” यावरून वाद पेटला.

मास्तरांनी शिट्टी तोंडाजवळ नेली आणि परत खिशात ठेवली. “सांगणं खरं आहे, यात शंका नाही,” म्हणाले. “पण ताई, रीत म्हणजे रीत. स्पर्धेतला सामना हवा. निकाल राखून ठेवतो.” इतक्या हळू बोलले की मलाच त्यांची कीव आली.

ठेवू देत राखून. मी तुझ्यावर रागावलेली नाही, हे मात्र राखून नाही, रोख आहे.

तुझी, आवाज परत आलेली आत्या


२० जून

आत्या,

दोन घास जास्तच जेवलो.

स्पर्धा सुरू झाली. सामन्याच्या दिवशी आम्हा चौघांना आत ठेवतात, एखादी खुर्ची मोडली तर बदलायला. जिन्याखाली बसायचं, बोलावलं तरच वर यायचं. काल इथल्या पहिल्या सामन्याला बोलावणं आलं म्हणून वर गेलो. बोगद्याकडे बघितलं. सगळीकडे माणसं, आणि तुझी खुर्ची रिकामी. म्हटलं, येईल कुणी. मध्यंतर झालं. रिकामी. शेवटी मुकादमाने दारावरच्या माणसाला विचारलं. ती खुर्ची कुणीतरी आधीच घेऊन ठेवली होती, आणखी चढ्या भावाने विकायला. भाव इतका चढवला की घ्यायला कुणी उरलंच नाही. फुकट गेली.

तुला एक सांगितलं नव्हतं. ती बसवली त्या दिवशी बैठकीच्या खालच्या बाजूला मी तुझं नाव लिहिलंय. पक्क्या शाईने. नाव म्हणजे ‘आत्या’ एवढंच.

गमबुटाचं खरं आहे असं मास्तरांना शपथेवर लिहून द्यायला मुकादम तयार आहे.

टिल्लू


२२ जून

टिल्लू, माझ्या राजा,

तुझं पत्र आजच मिळालं. पण खुर्ची रिकामी होती हे आम्हाला तुझ्या आधी माहीत!

त्या दिवशी सगळे बेकरीत टीव्हीसमोर बसलो होतो. संघ बोगद्यातून बाहेर यायला लागले, तशी मी बोट दाखवलं, “ती बघा, तिथे बसले होते मी! कठड्याला लागून!” आणि ती रिकामी. सगळ्यांना वाटलं, गडी उशिरा येईल. दुसऱ्यांदा दाखवलं तेव्हाही रिकामी. मध्यंतरानंतर खेळाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. कॅमेरा बोगद्याकडे वळला की सगळी बेकरी पुढे वाकायची. गोल झाला तो कुठल्या पायाने, हे इथे एकालाही सांगता येणार नाही.

बेकरीकाका चिडले. “आम्ही रुमाल टाकले तर भाव चढला, आणि हा गडी खुर्चीच उचलून घरी घेऊन बसला!” मला राग नाही आला रे. मला त्या खुर्चीचंच वाईट वाटलं. एवढी सजवलेली, एवढ्या भावाची, आणि मांडीवर कुणी नाही.

मग झिपरी उठली. तिची आणि माझी सगळ्यात जास्त भांडणं होतात, तुला ठाऊकच आहे. ती म्हणाली, “मास्तर, पैसे भरले तो आला नाही. पैसे न भरता आत्या तिथे बसल्या, ओरडल्या, आवाज घालवून आल्या. मग त्या खुर्चीतून सामना बघितला कुणी?”

टीव्हीवर सामना चालूच होता. मास्तर हळूहळू उभे राहिले, टोपी काढली, आणि लांब शिट्टी मारली. इतकी लांब की समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. टिल्लू, तुझ्या बाबासाठी वाजली होती तेव्हा मी दाराशी कपडे वाळत घालत होते. या वेळी ती माझी होती. पदार्थविज्ञानाचं मला कळत नाही, पण ती शिट्टी माझ्या बरगड्यांत अजून वाजतेय.

तर नंबर माझा झाला, सत्कारणी लागला, आणि आता कुणाला देताही येणार नाही. पुढचा झिपरीचा. तिकिटाचा भाव तोवर कुठे जाऊन पोचेल देव जाणे, म्हणून डब्याचं आम्ही वेगळंच ठरवलंय. त्यातून मुलींचे बूट, आणि एका बसचं भाडं. स्पर्धा संपली की माळी आणि वायरमन, दोन्ही संघ घेऊन इकडे ये. आमच्या मैदानावर सामना ठेवतो. बसायला बाकं आहेत, कुरकुरतात, पण भाव चढत नाही. मुकादमाला पंच म्हणून आण, त्याच अर्ध्या चड्डीत.

खुर्चीखाली माझं नाव लिहिलंस हे वाचून मी पेटीवर जरा बसून घेतलं. तिथे पुन्हा कधी गेलास तर तिच्यावर एकदा दणकन बस. माझ्या वतीने.

आणि त्या दाढीवाल्या माळ्याला मुद्दाम सांग, गमबूट घालूनच ये. झिपरीचा अजून विश्वास बसत नाहीये.

तुझी,
सामना बघून आलेली आत्या